नाव घेतलं की खिडकी बंद

आमच्या दवाखान्याच्या कार्ड-खोलीला एक खिडकी होती, हातभर रुंद. तिच्यापाशी उभं राहून कोणी नाव उच्चारलं, की भोयरभाऊ खिडकी लावून घ्यायचे. रागाने नाही. सावकाश लावायचे, आतून कडी घालायचे आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा उघडून विचारायचे, "हं, नंबर सांगा."

मी नोकरीला लागले ते आणीबाणी उठली त्या वर्षी. बी.कॉम. झालेली, टायपिंग येणारी, स्वतःला हुशार समजणारी. पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी एका बाईचं कार्ड आणायला पाठवलं. मी खिडकीशी जाऊन त्या बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव असं सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. व्हरांड्यात दहा-बारा माणसं बसली होती. खिडकी बंद झाली. मला वाटलं, वारा आला. मी ढकलली तर आतून कडी. शेवटी खिडकी उघडली आणि एक काळासावळा, बारीक मिशीचा माणूस माझ्याकडे पाहत म्हणाला, "नव्या आल्या वाट्टे. ताई, हा महारोगाचा दवाखाना हाय. इथं नाव नाई, नंबर. हे मानसं इथून उठून गावात जातीन, तवा तुमी देल्लेलं नाव त्याईच्या संगं जाईन."

वामनराव भोयर मूळचे नालवाडीचे. घरची वाडी होती. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वर्ध्याच्या बाजारात जायचा. भाऊ वाडी पाहायचा, हे दवाखान्यात लागले आणि पुढे बोरगाव मेघेला दोन खोल्या बांधून राहिले. लग्न केलं नाही. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. हे ते स्वतःच सांगत.

ते येण्याआधी कार्ड-खोलीत सगळेच शिरायचे. रजिस्टरात लिहिलेलं असायचं, अमुक माणसाचं कार्ड तमुक मांडणीवर, तिसऱ्या फळीवर, डावीकडून अकरावं. डॉक्टर, कंपाउंडर, झाडणारा, ज्याला हवं तो जाऊन काढायचा, आणि काढताना शेजारची चार पाहायचा. भोयरभाऊंनी ते बंद केलं. प्रत्येक रोग्याचं एक जाड खाकी पाकीट केलं. बाहेर फक्त नंबर. आत कार्ड, अंगावरच्या चट्ट्यांचं चित्र, गावच्या कार्यकर्त्याच्या चिठ्ठ्या, जे काही त्या माणसाचं असेल ते सगळं. आणि पाकिटाच्या झाकणावर, आतल्या बाजूने, आत काय काय आहे आणि कोणी काय पाहायचं ते लिहिलेलं. डॉक्टरांनी सगळं. व्यायाम शिकवणाऱ्याने फक्त हातापायाचा कागद. चपला करणाऱ्याला नुसतं पावलाचं माप. रोग्याजवळ नंबराचा टिनाचा बिल्ला. बिल्ला आला की पाकीट बाहेर पडे.

पाकीट कुठे ठेवलंय, ते मात्र कोणालाच सांगत नसत. आज या मांडणीवर असलेलं उद्या दुसरीकडे असायचं. वाळवी लागली, ओल आली, एखादी मांडणी भरली, की ते आपले हलवत बसायचे. बाहेर कुणाला पत्ताही लागायचा नाही, कारण बाहेरच्याला काही फरकच पडत नव्हता.

"जागा मायी, नंबर तुमचा," ते म्हणायचे. "तुमाले पाकिटाशी काम. मांडनीचं काम तुमाले काऊन पाह्यजे?"

एकदा नागपूरहून तपासणीला साहेब आले. कार्ड-खोली आतून पाहायची म्हणाले. भोयरभाऊ दारात उभे राहिले.

"साहेब, नंबर सांगा. पाकीट आनून देतो."

"अरे, मला नंबर नको, व्यवस्था पाहायची आहे."

"थेच तं व्यवस्था हाय साहेब. तुमी आत नाई जाऊन राह्यले, हेच."

साहेब चिडले. मोठ्या डॉक्टरांना मध्ये पडावं लागलं. साहेबांनी मग मुद्दाम दहा नंबर लिहून दिले, उलटेसुलटे. दहाही पाकिटं त्यांची चहाची कपबशी रिकामी व्हायच्या आत टेबलावर आली. साहेबांनी एक पाकीट उघडायला हात घातला, तर भोयरभाऊंनी अलगद तळवा ठेवला. "मोजाची परवानगी हाय साहेब. उघडाची डॉक्टरसाहेबाले इचारा."

माझं आणि त्यांचं जमलं, कारण आम्ही दोघंही कामाची माणसं. वेळेवर यायचं, काम करायचं, घरी जायचं. पण वाद व्हायचे. मला यादी हवी असायची. अमुक गावात किती, बरे किती झाले, औषध कोणाचं चुकलं. ते एकेक पाकीट देणार. सगळ्यांची यादी म्हटलं की कपाळाला आठी.

नऊ-दहा वर्षांनी दवाखान्याला कॉम्प्युटर मिळाला. मला नागपूरला शिकायला पाठवलं. परत आले तेव्हा मी ऐटीत होते, हे कबूल करते. यंत्र बसवायला जो इंजिनिअर आला तो बोलका होता. डबा उघडून आम्हाला डिस्क दाखवत होता. तिला जोडलेल्या वायरींच्या दोन चपट्या पट्ट्या, एक रुंद, एक अरुंद. डिस्कवर एक चिकटवलेला कागद होता. त्यावर आकडे.

भोयरभाऊ पाठीमागे हात बांधून उभे होते. "हे काय लिवलं हाय?"

"डिस्कवरच्या खराब जागा. या जागी काही ठेवायचं नाही, हे मला हाताने टाइप करून सांगावं लागतं. डिस्कला स्वतःला काही कळत नाही. वाचणारं कोणतं डोकं, कितवा गोल, गोलातला कितवा तुकडा, सगळं बाहेरून सांगायचं."

"म्हंजे मांडनी, फळी, डावीकून अकरावं," भोयरभाऊ म्हणाले.

"बरोब्बर! पण आता नव्या डिस्का येतायत. त्यांना एकच पट्टी, आणि अक्कल डिस्कच्या आतच. नुसता नंबर सांगायचा, ती स्वतः शोधते. एखादी जागा खराब झाली तर आतल्या आत दुसरीकडे हलवते. आपल्याला कळतही नाही."

भोयरभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी पहिल्यांदाच त्या डब्याकडे आपलेपणाने पाहिलं. मग विचारलं, "अन् नंबर कोन सांगून राह्यलं, हे इचारते का ते?"

"नाही. ज्याने मागितलं त्याला देते."

"कोनालेबी?"

"कोणालाही."

"मंग कपाट हाय," ते म्हणाले. "चांगलं कपाट हाय. पन मानसाचं काम नाई जमनार त्याले." आणि आपल्या खोलीत निघून गेले.

इंजिनिअर हसला. मीही हसले.

नावं भरायला त्यांनी मदत केली नाही. मी गावच्या कार्यकर्त्यांच्या डायऱ्यांवरून चार महिने बसून सगळी नावं भरली. इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला तेवढंच येत होतं. गावनिहाय याद्या छापल्या. मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कागद एका बाजूने कोरा असेल तर तो फेकायचा नाही, हे आमच्या भागात पाप मानलं जाई. पाकिटं उलटी करून परत वापरायची, परिपत्रकांच्या पाठीवर हिशेब करायचा. संस्थेत हे इतकं मुरलेलं, की केरात कागद दिसला तर मोठे डॉक्टर स्वतः उचलत. कॉम्प्युटरचे ते लांबरुंद, कडेला भोकं असलेले कागद वाया जाताना पाहून माझा जीव तुटायचा. मी कडा फाडून, मधून कापून, शिवण विभागातल्या बायकांकडून जाड दोऱ्याने वह्या शिवून घेतल्या. खाकी पुठ्ठा लावला. फार नेटक्या झाल्या. खेड्यांत जाणाऱ्या जीपबरोबर शाळांना वाटायला दिल्या.

आष्टीकडच्या यादीच्या पाच-सहा प्रती छापताना रिबन फिकी पडली होती. तो सगळा गठ्ठा बाद करून मी पुन्हा छापला होता. बाद गठ्ठ्याच्या दोन डझन वह्या झाल्या. दिवाळीची सुट्टी संपली आणि आष्टीकडे जाणाऱ्या जीपमधून त्या एका शाळेत पोचल्या. हे मी केलं. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात हे आलंही नसतं.

कमलाबाई आली तेव्हा मी योगायोगाने खिडकीशीच होते. तिचं नाव मी इथे बदललं आहे, गाव लिहिणार नाही. बारा वर्षांपूर्वी ती बरी होऊन गेलेली. गावात सगळ्यांना पोटाचं दुखणं म्हणून माहीत. तिने बिल्ला ठेवला आणि पदराखालून वही काढली. माझी वही.

"मायी धाकटी पाचवीत हाय," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "यंदा इंग्रजी लागलं तिले. काल वही घेऊन बसली, मांगच्या बाजूनं एकेक अक्षर लावून राह्यली होती. के, ए, एम... मंग वरडली, आई, तुयं नाव छापून आलं!"

भोयरभाऊंनी वही पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मोठीचं लगन हाय पुढच्या सोमवारी," कमलाबाई म्हणाली. "हवालदारानं सोयरीक जुळवली. फौजेतून आले हायेत थे. आमच्या गावात इंग्रजी त्याईले येते अन् गुरुजीले. गुरुजीनं पाह्यलं नाई अजून. हवालदाराच्या नातीलेबी वही भेटली हाय, भाऊ."

ती रडली नाही. एसटी चुकेल म्हणून लगेच निघून गेली.

मी म्हटलं, मुख्याध्यापकांना पत्र पाठवते, वह्या गोळा करून परत पाठवा म्हणून. भोयरभाऊ म्हणाले, "पाठवा. मंग सारं गाव एकेक पान उलटून पाहीन, काऊन मांगून राह्यले म्हनून." "कोऱ्या वह्या घ्या. दोन्ही बाजूनं कोऱ्या, रेघावाल्या. अन् तुमी चाला संगं. शिवन उसवते म्हनून सांगा. उसवते का?"

"नाही हो, चांगली घट्ट आहे."

"थेच तं दुःख हाय ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आर्वीवरून आष्टी, तिथून पुढे बैलगाडीने गेलो. शाळेत मुलं खूष. जुनी द्या, नवी घ्या. गुरुजींनी विचारलंही नाही. मी वह्या मोजल्या. कमलाबाईची धरून तेवीस, एक कमी.

"हवालदाराची नात आज आली नाई," गुरुजी म्हणाले. "ताप हाय तिले."

हवालदारांच्या अंगणात बाज होती. बाजेवर हवालदार, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर वही. मागची बाजू वर.

"या, या. दवाखान्याचे ना तुमी? जीप नाई आनली आज?"

नातीने पाणी आणलं. अंगात कणकण असावी, डोळे लाल होते. भोयरभाऊ गिलास तोंडाला लावून सगळं पाणी प्याले. मी नुसता घोट घेतला.

"बाई, वही तुमची," हवालदार म्हणाले. "नावं हायेत मांगून. पलटनीत अशी लिस्ट लागे. हे कायची लिस्ट हाय?"

मी येताना बैलगाडीत उत्तर तयार केलं होतं. जुनी मालाची यादी, देणगीदारांची यादी, असं काहीतरी. तोंड उघडलं, तेवढ्यात भोयरभाऊ म्हणाले, "महारोगाची."

हवालदारांनी चष्मा काढला. "याच्यात आमच्या गावचं एक नाव..."

"थे मले नका सांगू. मी नाव आयकत नाई."

"आयकत नाई म्हंजे? इथं लिवलं हाय भाऊ! समोर आर एफ टी लिवलं हाय. हे काय?"

"सोडला. बरा झाला. त्याच्यापासून कोनाले काई नाई."

"तुमी म्हनसान. मानसं मानतीन का? उद्या त्या घरी सोयरीक..."

"हवालदारसाहेब," भोयरभाऊ म्हणाले, "तुमच्या नातीनं आता मले पानी देल्लं. थ्याच गिलासात पोट्टी सांजच्याले पेईन. माया बी नंबर त्याच रजिस्टरात हाय. वीस साल झाले. वीस साल मी वर्ध्यात हाटलात चाय पेतो, भावाच्या लेकराईले खांद्यावर घेतो. मायापासून कोनाले झालं अशीन, तं एक मानूस दाखवा. मंग मोडा सोयरीक."

हवालदारांनी गिलासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बाई, खरं हाय का हे?"

सगळी नावं मीच भरली होती. मला ठाऊक होतं ते यादीत आहेत की नाहीत. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "भोयरभाऊंचं बोलणं मी कधी खोटं ठरवलेलं नाही." हे खरंच होतं. वाद घातले होते, पण खोटं कधी ठरवलं नव्हतं.

हवालदारांनी चष्म्याची घडी करून खिशात घातली. मग नातीला हाक मारली, "गिलास उचल वं. घास अन् ठेवून दे जागच्या जागी." आणि वही आमच्यापुढे धरली. "सोयरीक मी जुळवली हाय. मी नाई मोडत. पोट्टीले नवी द्या. रेघावाली द्याजो, आडवीतिडवी लिवते थे."

परतीच्या एसटीत तळेगाव आलं, तेव्हा भोयरभाऊंनी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "वही मात्र खरंच मजबूत शिवली होती तुमी." एवढंच. मला त्यांनी कधी याहून जास्त दोष दिला नाही, आणि एवढा पुरला.

लग्न झालं. कमलाबाईबद्दल गावात एक शब्द फुटला नाही. हवालदार शब्दाचे पक्के निघाले. पण भोयरभाऊंबद्दल गप्प राहायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आष्टीच्या बाजारातून ती गोष्ट आर्वीला आली, आर्वीहून वर्ध्याला. महिन्याभरात फाटकासमोरच्या चहावाल्याने भोयरभाऊंसाठी वेगळा कप ठेवला. दवाखान्यासमोरचा चहावाला, ज्याचं पोट आमच्या रोग्यांवर चाले! बाजारात त्यांच्या भावाच्या दुकानावरून गिऱ्हाईक पुढे जाऊ लागलं. भाऊ दवाखान्यात येऊन खिडकीशी ओरडला, "काऊन सांगितलं बाप्पा? कोनी इचारलं होतं तुले?"

"सांगितलं तं सांगितलं," भोयरभाऊ म्हणाले. "मेथी मले देत जाय. मी खातो."

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. म्हणाले, "वामनराव, तुमचं पाकीट असेल तर त्यात पाहून, नसेल तर तुम्हाला तपासून, जे काय असेल त्याचा दाखला देतो. बाजारात लावा."

"नको साहेब. माया दाखला पाहून लोकं मले चाय देतीन. ज्याच्याजवळ नाई दाखला, त्यानं काय कराव?"

ते वेगळ्या कपात चहा पीत राहिले. मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसून तसाच वेगळा कप मागितला. चहावाल्याजवळ दुसरा नव्हता. त्याने मला नेहमीचाच दिला. पुढे हळूहळू त्यांनाही.

मी याद्यांतून नावं काढून टाकली. कागदावर फक्त नंबर. नंबर आणि नाव जोडणारी फ्लॉपी भोयरभाऊंच्या कपाटात, आणि ती मागायची तर मलाही कारण सांगावं लागे. दोन वर्षांनी खरोखरच एका पट्टीची डिस्क आली. जागा विचारत नव्हती, नुसता नंबर मागत होती. भोयरभाऊ पाहायला आले, म्हणाले, "इचारते का आता, कोन हाय म्हनून?" अजून नाही, मी म्हटलं. "होईन शानी," ते म्हणाले.

अलीकडे माझ्या भाचीने, ती पुण्यात कॉम्प्युटरच्याच धंद्यात आहे, मला सांगितलं की आता अशी साठवण करू पाहताहेत, की माहितीची एकेक आख्खी वस्तू आपल्या वर्णनासकट एका नंबराखाली राहील. कुठे राहील ते डिस्कच ठरवील. आणि मागणाऱ्याने आधी परवाना दाखवायचा. डिस्क स्वतः तो तपासून मगच देईल. मोठा शोध म्हणून सांगत होती. मी ऐकून घेतलं.

भोयरभाऊ निवृत्त झाले आणि तीन वर्षांत वारले, हृदयविकाराने. तेराव्याला मी नालवाडीला गेले, तेव्हा मांडवात रोग्यांपैकी बरेच जण होते. कोणी कोणाला ओळख दाखवत नव्हतं. जेवून निमूट गेले.

परवा त्यांचा पुतण्या माझ्याकडे आला. चाळिशीचा, बँकेत आहे. त्याच्या मुलीचं कुठेतरी जुळत आलंय, आणि त्या लोकांना कोणीतरी जुनी गोष्ट सांगितली.

"काकू, तुमच्याच हातची यादी होती," तो म्हणाला. "काकाचं नाव होतं का नव्हतं, एवढंच सांगा. नसन तं त्याईले तुमच्यासमोर आनतो. असन तं असन. मले तं समजू द्या."

एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द मला माहीत आहे. पण आज याला सांगितलं, की उद्या दुसरं कोणी विचारायला येईल तेव्हा माझं गप्प बसणं हेच उत्तर होईल. यादीत पुष्कळ माणसं आहेत. त्यांची मुलं आहेत, नातवंडं आहेत.

मी त्याला म्हटलं, मुलगी किती शिकली ते त्यांना सांगा, आणि त्या आजाराची माहिती हवी असेल तर मी येऊन दोन तास बोलते, माझ्या खर्चाने येते. नाव मात्र विचारू नका.

"म्हंजे होतं," तो म्हणाला.

"असं मी म्हटलेलं नाही."

"मंग नव्हतं?"

मी चहाला उठले. मी परत येईपर्यंत तो चपला घालून उभा होता. चिडून गेला, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं.